खुराला फायबरचं प्लास्टर: दोन इंची रोल कुठे कामाचा, कुठे नाही

हात मोडलेल्या माणसाला जे फायबरचं प्लास्टर घालतात, तेच घोड्याच्या खुराला गुंडाळायचं, एवढीच ही कल्पना. एकही खिळा न ठोकता खुराला सगळीकडून कवच मिळतं. इथे बघतोय तो सर्जिकलच्या दुकानात मिळणारा दोन इंची, म्हणजे 5 सेंमी रुंदीचा आणि साधारण 3.6 मीटर लांबीचा रोल. स्कॉचकास्ट आणि त्याच्या जातीचे बाकीचे सगळे यात आले. जोडीला खास खुरासाठी बनवलेला अमेरिकन इक्विकास्टही तुलनेला घेतलाय. माल दोन्हीकडे चांगला आहे. पण कास्ट, म्हणजे खुरावरचं हे कवच, तीन आठवडे टिकणार की तिसऱ्या दिवशी सुटणार, हे पाकीट फाडायच्या आधीच ठरलेलं असतं.

हे लागतं कुणाला? सारख्या नाला बदलून ज्याच्या खुराची भिंत खिळ्यांच्या भोकांनी चाळणी झालीय, त्याला. रेसच्या थरोब्रेडमध्ये हे हमखास दिसतं: भिंत मुळात पातळ, त्यात तीन-चार आठवड्यांनी नवी नाल, मग खिळा धरायला जागाच उरत नाही. नाल निघताना भिंतीचा तुकडा घेऊन गेली, तर नवी भिंत उतरेपर्यंत तात्पुरता आधार म्हणून कास्ट फार उपयोगी पडतो. नाला काढून घोडा अनवाणी करायचा असेल आणि तळवा इतका पातळ असेल की अंगठ्याने दाबल्यावर दबतो, तर पहिले काही आठवडे कास्टवर काढता येतात. बाजूला उभी चीर गेली असेल तर चिरेच्या दोन्ही कडांची हालचाल थांबते. लॅमिनायटिसच्या, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला जोडणारे थर सुजलेल्या घोड्याला मागच्या अर्ध्या तळव्याखाली आधार द्यायलाही कास्ट वापरतात. पण तिथे एक्स-रे आणि पशुवैद्य हवेतच. चणे-गूळ जास्त होऊन पाय धरलेल्या वरातीच्या घोड्याला अंदाजाने कास्ट घालणं म्हणजे आगीवर झाकण ठेवणं.

आणि कुणाला घालायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. खुरात पू असेल, पायाला गरमी आणि नाडीचा जोरदार ठोका असेल, फ्रॉग (तळव्यातली मऊ तिकोनी गादी) सडून वास येत असेल, चिरेतून ओल किंवा रक्त येत असेल, तर कास्ट नाही. व्हाइट लाइन, म्हणजे भिंत आणि तळवा जोडणारी फिकट रेघ, सडलेली असेल तर तो भाग कोरून उघडा, हवेशीर ठेवायचा असतो. तोच बंद केलात तर आत जंतूंची सोय झाली म्हणायची. टाचेची गादी फाटल्यावर पशुवैद्य खूर संपून केस सुरू होतात त्या रेषेच्याही वर जाणारा, आत जाड पॅडिंग असलेला कास्ट घालतात. तो प्रकार निराळा. त्याचे फोटो बघून कुणी तसं घरी करू नये.

आता रोल. साध्या पीओपीचा विचारच सोडा. चारशे किलोच्या घोड्याखाली ओल्या जमिनीवर त्याचा भुगा होतो. फायबरग्लासच्या जाळीत पॉलियुरेथेन रेझिन भिजवलेलं असतं आणि पाणी लागलं की ते घट्ट होतं. पाणी म्हणजे हवेतली ओलसुद्धा, म्हणून पाकीट ऐनवेळी फाडायचं आणि एकावेळी एकच. न फाडलेलं पाकीट चिमटीत दाबून बघा. रोल मऊ, स्पंजसारखा लागला पाहिजे. एखादी कड कडक लागली तर पाकिटाला बारीक भोक आहे, दुकानदाराला परत द्या. कोकणात पावसाळ्यात आणि विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या तबेल्यात साठवलेले रोल असेच वाया जातात. घरात, थंड जागी, आडवे ठेवायचे.

रुंदी दोन इंचीच घ्या. तीन इंची रोल मोठ्या खुराला बरा वाटतो, पण भिंतीच्या उताराला तो नीट बसत नाही, चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी म्हणजे आत एक टोचणारी कड. मधल्या आकाराच्या पुढच्या खुराचा घेर 40 सेंमीच्या आसपास धरला तर एका रोलमध्ये आठ-नऊ वेढे होतात आणि ते पुरतात. मोठ्या थरोब्रेडला दुसरा रोल हाताशी ठेवावा, तट्टाला एकातलाही उरतो. इक्विकास्टचा कपडा जास्त ताणला जातो, टाचेच्या वळणावर निमूट बसतो आणि जमिनीवर घासायला जास्त चिवट आहे. फरक खरा आहे. पण बाहेरून मागवावा लागतो, त्यामुळे महाग पडतो आणि वेळेवर मिळेलच असं नाही. पंधरा दिवसांच्या कामाला सर्जिकलचा रोल पुरतो. महिनाभर, खडीवर चालणाऱ्या घोड्याला लागणार असेल तर खास रोलचे पैसे वसूल होतात.

तयारीत कंटाळा चालत नाही. आधी खूर नेहमीसारखं छाटून घ्यायचं, पुढचं टोक मागे आणायचं, भिंतीचे बाहेर पसरलेले भाग कानशीने उतरवायचे. खूर वाकडं असेल तर कास्टही वाकडाच होणार आणि तीन आठवडे तसाच राहणार. तळवा वायर ब्रशने कोरडाच घासायचा, फ्रॉगचे लोंबते तुकडे काढायचे. मग भिंतीच्या बाहेरच्या बाजूवर कानशीची जुनी बाजू हलक्या हाताने फिरवायची, फक्त चकाकी जाईपर्यंत. रेझिनला धरायला खरखरीत जागा हवी. आदल्या दिवसापासून पाय धुवायचे नाहीत. तेल, तूप, डांबर, खुराचं मलम, काहीही चार दिवस आधीपासून बंद. खुराला तेल चोळायची सवय आपल्याकडे इतकी मुरलीय की मोतद्दाराला हे दोनदा सांगून ठेवावं. तेलकट भिंतीवर घातलेला कास्ट मोज्यासारखा फिरतो. शेवटी हेअर ड्रायरने कोमट हवा आणि सर्जिकल स्पिरिटचा बोळा; स्पिरिट पूर्ण उडू द्यायचं.

आतल्या भरणीत लोक काटकसर करतात आणि तिथेच फसतात. फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या खोल घळी बंद कास्टखाली आधी सडतात. तिथे कापसाच्या पातळ वातीला बारीक कुटलेलं मोरचूद लावून ती बसवावी. मोरचूद चिमूटभरच, जखमेवर तर अजिबात नाही. त्यावर दोन भागांची सिलिकॉन पुट्टी, म्हणजे दातांचे साचे घ्यायला वापरतात ती. दोन्ही भाग सम प्रमाणात, रंग एकजीव होईपर्यंत मळायचे. मधल्या खुराला 100 ते 150 ग्रॅम लागते. घळी आणि मागचा अर्धा तळवा भिंतीच्या पातळीपर्यंत भरायचा. पुढच्या टोकाखाली भरायची नाही. तिथे आतल्या हाडाची टोकदार कड असते आणि पातळ तळव्यावर वरून पुट्टी दाबली तर बरा असलेला घोडाही लंगडायला लागतो. पुट्टी घट्ट होईपर्यंत पाय हातात धरा; घोड्याने अर्धवट पुट्टीवर वजन टाकलं तर ती पिळून बाहेर येते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

पाणी 20 ते 24 अंश. उन्हाळ्यात टाकीचं पाणी 35 अंशांवर असतं, त्यात रोल बुडवला तर दोन वेढे होईपर्यंत हातात दगड. माठातलं पाणी घ्या. हातमोजे घालाच. रेझिनमध्ये आयसोसायनेट असतं. ते कातडीला धरतं, चार दिवस निघत नाही आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. रोल पाण्याखाली धरून तीन-चार वेळा हलका दाबायचा, मग बाहेर काढून निथळू द्यायचा. पिळायचा नाही.

गुंडाळताना एकच आकडा लक्षात ठेवा: दीड सेंमी. वरची कड केसांच्या रेषेपासून दीड सेंमी खाली. खडूने किंवा मार्करने खुरावर आधीच रेघ मारून घ्या, कारण रोल हातात आल्यावर चार-पाच मिनिटंच मिळतात आणि घाईत पट्टी नेहमी वरच सरकते. सुरुवात एका टाचेपासून, भिंतीला एक पूर्ण वेढा, पुढचे वेढे आधीच्या वेढ्यावर निम्मे चढवत खाली. शेवटचे वेढे जमिनीच्या कडेखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लोंबू द्यायचे आणि तळव्यावर दुमडायचे. उरलेली पट्टी टोकाकडून तळव्यावर पुढे-मागे, कारण सगळ्यात आधी टोकच झिजतं. भिंतीवर चार ते सहा थर, टोकावर एखादा जास्त.

ताण? नाही. पट्टी नुसती ठेवत जायची, ओढायची नाही. प्रत्येक पावलाला निरोगी टाच जराशी फाकते; ओढून बांधलेला कास्ट तिला आवळून धरतो. खुरातल्या हाडाचा तडा भरायचा असेल तेव्हा ही जखडण हवीच असते, आणि ते काम पशुवैद्याचं. बाकी ठिकाणी ती नको.

टाचेकडे बारकाईने बघा. पट्टी मागून फिरवताना ती टाचेच्या मऊ गाद्यांवर चढायला बघते. तिला मागे कडक भिंतीच्या उंचीवरच ठेवायचं, म्हणजे वरची कड पुढून मागे उतरत जाईल. त्या जागी कड बोटाने दाबून गोल करा आणि नखाने तपासा: फायबरचा एखादा धागा गादीकडे वळलाय का? असेल तर आत्ताच कापा. कडक झाल्यावर तो धागा चाकूसारखा काम करतो.

मग ओल्या हातमोज्याने चोळत राहायचं, थर एकमेकांत बसेपर्यंत. पृष्ठभागावर जाळीची भोकं बुजलेली दिसली की झालं. घट्ट व्हायला लागलं की सपाट फळीवर प्लास्टिकची पिशवी पसरून पाय खाली ठेवा आणि दुसरा पाय उचलून धरा. वजनाखाली टाच आपल्या जागी बसते आणि कास्ट तोच आकार घेतो. यानंतर वीस मिनिटं घोडा हलता कामा नये. बोटाला कास्ट कोमट लागेल, रेझिन घट्ट होताना गरम होतंच. शेवटी टोकाची पुढची कड कानशीने तिरकी उतरवा, म्हणजे पाऊल सहज उचललं जाईल.

टिकाऊपणाबद्दल दुकानदार जे सांगेल त्याला दोनाने भागा. मऊ मातीत आणि लाकडाच्या भुशाच्या तबेल्यात तीन आठवडे, फार तर चार. डांबरी रस्त्यावर दहा-बारा दिवसांत टोक फाटतं. माथेरानसारख्या लाल माती-खडीच्या चढउतारावर रोज काम करणाऱ्या घोड्याला सर्जिकलचा रोल देऊच नये, तो आठवडाही काढत नाही. पावसाळ्यात कुठलाही कास्ट दहा ते चौदा दिवसांवर नेऊ नका. ओल आत जाते आणि बाहेर येत नाही. गुळगुळीत फरशीवर ओला कास्ट घसरतो, हा दोष दोन्ही मालांत आहे आणि पाकिटावर लिहिलेला नसतो.

रोज सकाळी दोन गोष्टी: फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या मोठ्या सांध्याच्या) मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवून नाडीचा ठोका बघायचा आणि कास्टच्या वरच्या कडेला हात फिरवायचा. काल बरा चालणारा घोडा आज पाय टेकवत नाही, ठोका जोरात लागतोय, वरची कड गरम आहे, तर आत पू साचतोय. वाट बघायची नाही, कास्ट लगेच काढायचा आणि पशुवैद्याला फोन. केसांच्या रेषेवर लाली दिसली तरी तेच. कडेचा तेवढाच भाग कापून भागेल असं वाटतं, पण कापलेली कड आणखी खरखरीत असते. उग्र वास आला, तर तारीख झालेली नसली तरी काढा.

काढणं म्हणजे ओढणं नव्हे. दोन्ही टाचांपाशी खालून वर निपरने (नालबंदाच्या कापायच्या पकडीने) छोटे-छोटे घास घेत कापायचं, जमिनीची कड कानशीने उतरवून कास्ट मोकळा करायचा, मग मागून पुढे सोलत यायचं. कापायचं कंपन करणारं यंत्र असलं तर काम पटकन होतं, पण त्याच्या आवाजाला बुजणारा घोडा असेल तर निपरच बरा. भिंतीचे वरवरचे पापुद्रे रेझिनबरोबर निघतात. कमजोर भिंतीच्या घोड्याला हा तोटा मोजूनच कास्ट घालावा. पुढचं खूर महिन्याला 8 ते 10 मिमी वाढतं आणि कास्टमध्ये ते झिजत नाही, म्हणून काढल्या काढल्या छाटणी लागतेच. त्या दिवशीची वेळ नालबंदाकडून कास्ट घालतानाच घेऊन ठेवा. लगेच दुसरा घालायचा असेल तर मध्ये निदान दोन-तीन दिवस खूर कोरड्या भुशावर उघडं ठेवा, फ्रॉग दाबून बघा, वास घ्या. तो मऊ आणि काळपट लागला तर दुसरं पाकीट फाडू नका.