मुसकं नको, लोढणं चालेल : व्हॉट्सॲपच्या तीन बटणांबद्दल

मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. गिऱ्हाइकांसाठी २०१७ साली मी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. ज्वारीवर चिकटा पडला, डाळिंबावर तेल्या आला, कांदा काय भावानं गेला, एवढ्यापुरताच तो होता. आज त्यात चारशेच्या वर माणसं आहेत आणि बोलणं अर्थातच पिकापुरतं राहिलेलं नाही. हे परीक्षण त्या ॲपचं आहे, पण कॉल, स्टेटस, स्टिकर यांच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. बोलण्याला लगाम घालणारी जी थोडी बटणं त्यात आहेत, ती मी इतकी वर्षं वापरतोय. त्यांच्याबद्दलच लिहितो.

सुरुवात १ जुलै २०१८ पासून करावी लागेल. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात त्या दिवशी आठवडे बाजार होता. भिक्षा मागायला गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्यांतले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. महिनाभर आधीपासून टोळीचे मेसेज सगळीकडे फिरत होते. एक व्हिडिओ तर मीही पाहिला होता. मोटरसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि जातात. पुढं कळलं की ती कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा अशी पाटी दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता.

त्या पावसाळ्यात आमच्या दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं एक डवरी गोसावी आला होता. डौर, म्हणजे त्यांचं डमरूसारखं वाद्य, पिशवीत घालून, वर फडकं टाकून आणलेलं. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं त्यानं मांडली आणि म्हणाला, "मोठी करून द्या, लांबनं दिसतील अशी. आन् पाण्यानं भिजू नयेत." झेरॉक्सवाल्यानं एकेक कार्ड ए-फोर कागदावर मोठं करून लॅमिनेट करून दिलं. तो माणूस एकेक कागद हातभर लांब धरून बघत होता.

आता बटणांकडे येतो.

पहिलं, पाचाची मर्यादा. जुलै २०१८ मध्ये कंपनीनं फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. पुढं जानेवारी २०१९ पासून तीच मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक पाऊल. पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजचं प्रमाण त्यानंतर ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनंच सांगितलं होतं. आकडा कंपनीचा आहे. पण फरक माझ्या ग्रुपवरही जाणवला. सकाळी एकच मेसेज सात जणांकडून यायचा, ते कमी झालं.

ह्या मर्यादेवर लोक चिडतात. बोलण्याचा हक्क काढून घेतला म्हणतात. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याला समजेल असं सांगतो. कोळपताना बैलाच्या तोंडाला आपण मुसकं बांधतो. त्याला पिकाला तोंडच लावता येत नाही. ओढाळ गुराच्या गळ्यात मात्र लोढणं अडकवतो. ते चरतं, पाणी पितं, हंबरतं, फक्त उधळून चार शेतं तुडवत नाही. पाचाची मर्यादा हे लोढणं आहे. कंपनी तुमचा मेसेज वाचत नाही, खरा की खोटा ठरवत नाही, पुसत नाही. तुम्ही पन्नास जणांनाही सांगू शकता, पण दहा वेळा बोट उचलावं लागतं. सातव्या-आठव्या वेळेला माणूस विचार करतो. निदान कंटाळतो तरी. राईनपाड्यातल्या पाच जणांना कमी पडला तो वेळच. "आम्ही अमुक गावचे, हे आमचं कार्ड" हे ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही.

दुसरं, फक्त ॲडमिननं बोलायचं, हे सेटिंग. ह्याचा मी कमीत कमी वापर करतो, कारण हे मुसकंच आहे. एकदाच लावलं, तेही एका रात्रीपुरतं. त्याचं कारण १३ सप्टेंबर २०२२ ला घडलं. शेजारच्या जत तालुक्यात लवंगा गावात मथुरेच्या चार साधूंना लोकांनी काठ्या-पट्ट्यांनी मारलं. ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते. वाट विचारली म्हणून संशय आला. जीव वाचले, हे नशीब. ती वाट पुढं आमच्याच भागातून येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या ग्रुपवर एक ऑडिओ आला, आपल्याच बोलीत. पांढऱ्या गाडीतनं चौघं आलेत, आमच्या वस्तीच्या रस्त्याला दिसलेत, काठ्या घेऊन या. नाव नाही, नंबर नाही, फक्त "काठ्या घेऊन या".

मी त्या रात्रीपुरतं ते सेटिंग लावलं आणि तो ऑडिओ सगळ्यांसाठी डिलीट केला. ही सोय ॲडमिनला २०२२ मध्येच मिळाली होती, आणि हे तिसरं बटण मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. मेसेज जातो, पण त्या जागी अमुक ॲडमिननं डिलीट केला असं राहतं. पुसणाऱ्याचं नाव चारशे जणांना दिसतं. लपूनछपून कुणाचं बोलणं गिळता येत नाही. ज्याला दुसऱ्याचा शब्द थांबवायचाय त्यानं आपलं नाव पुढं करावं, हे मला पटतं.

नाव दिसलं म्हणून भांडणही माझ्याच दारात आलं. ऑडिओ टाकणारे तात्या माझ्या वडिलांच्या वयाचे. सकाळी दुकानात येऊन पोत्यावर बसले आणि म्हणाले, "लेका, ग्रुप तुझा म्हणून तोंडं पण तुझीच का आमची?" मी म्हटलं, "तात्या, गाडी तुम्ही बघितली का?" नव्हती बघितली. मेव्हण्याकडून आलेला ऑडिओ होता. मी म्हटलं, "तुमच्या नातवाची काळजी मलाबी हाय. संशय आला तर ११२ ला लावा, पोलीस पाटलाला लावा, मला रात्री दोनला लावा. काठ्या तेवढ्या बोलवू नका." तात्या उठून गेले. ग्रुपही सोडला. मला फार लागलं ते.

तात्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पुसायचं कुणी ठरवायचं? ह्याची दुसरी बाजू मी २०१९ च्या दुष्काळात बघितली होती. एका पोरानं ग्रुपवर लिहिलं की अमुक चारा छावणीत वैरण वजनाला कमी देतात. तासाभरात मला फोन. "बदनामी चाललीय, त्या पोराला ग्रुपमधून काढ." फोन करणारा वजनदार माणूस. त्याला लागलं होतं हे खरं, मी ते खोटं म्हणणार नाही. पण तो स्वतः ग्रुपमध्ये होता. मी म्हटलं, "भाऊ, पोराला काढत नाही. तुम्ही ग्रुपवरच उत्तर लिहा." दोन दिवस लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी छावणीत सगळ्यांसमोर वजन झालं. पोर अजून ग्रुपमध्ये आहे.

तेव्हापासून मी एवढंच बघतो. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला उत्तर द्यायला जागा आहे का, वेळ आहे का? छावणीवाल्याला दोन्ही होतं. पांढऱ्या गाडीतल्या चौघांना दोन्ही नव्हतं.

कायद्याची वाटही फार वेगळी नाही. घटनेच्या १९(१)(अ) नं बोलायचं स्वातंत्र्य दिलं आणि १९(२) नं वाजवी निर्बंधांची कारणं मोजून दिली. सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. आवडलं नाही, राग आला, ही कारणं त्यात नाहीत. तरी मुसकं बांधलं गेलंच. २०१२ मध्ये पालघरला, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं लाईक केलं, दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ त्यातून देशभर गाजलं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं आणि चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी ह्यांत फरक केला. चिथावणीपर्यंत गेलं तरच सरकारनं हात घालावा. त्याच पालघर जिल्ह्यात १६ एप्रिल २०२० ला गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अफवेच्या भरात मारले गेले. मुलींची ओळ आणि ही अफवा, दोन्ही शब्दच. एकाच मापानं मोजले तर दोन्हीकडं अन्याय होतो.

ॲडमिन लोकांना एक सांगायचं राहिलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. त्यामुळं भीतीपोटी सगळं पुसत बसू नका.

उणिवा आहेत. मजकूर कॉपी करून चिकटवला की फॉरवर्डची खूण गायब. पहिल्यांदा टाकणाऱ्याच्या मेसेजवर बाण नसतोच, आणि आपल्या बोलीतला ऑडिओ आपल्याच माणसाच्या नावावर आला की लोकांना तो सगळ्यात खरा वाटतो. दोन बाण खऱ्या-खोट्याचं काही सांगत नाहीत. उजनीतून पाणी सोडलं की नदीकाठाला सावध करणारा खरा मेसेजही त्याच मर्यादेत येतो. तेव्हा मी फोन लावतो, एकेकाला. ही किंमत मला मान्य आहे. २०१८ मध्ये एक ग्रुप २५६ जणांचा होता. पाच ग्रुप म्हणजे एका दमात १२८० माणसं, आणि तीही कमी केलेली संख्या होती. २०२२ पासून फॉरवर्ड आलेला मेसेज एका वेळी एकाच ग्रुपला पाठवता येतो. हे आधीच व्हायला हवं होतं.

पाचाची मर्यादा आणि दोन बाण, ह्यांना पाचपैकी चार. नाव दाखवून डिलीट, पाचपैकी साडेचार. फक्त ॲडमिन, पाचपैकी दोन, आणि लावलंत तर कधी काढणार ते आधी लिहा.

तात्या त्या वर्षी रब्बीला ज्वारीचं बी न्यायला आले. मालदांडीची पिशवी पायाशी ठेवून मोबाईल पुढं केला आणि म्हणाले, "घाल परत ग्रुपात." अधूनमधून त्यांचा मेसेज आता आधी मला एकट्याला येतो, खाली एक ओळ असते : टाकू का?

कधी मी हो म्हणतो, कधी विचारतो, तात्या, कुणी बघितलं?