पिंगुळीचे ठाकर आदिवासी कला आंगण: पाहण्याइतकेच ऐकण्याचे ठिकाण

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात बहुतेक प्रवासी राऊळ महाराजांच्या मठासाठी येतात आणि तसेच पुढे गोव्याकडे निघून जातात. त्यांनी याच गावातल्या ठाकर आदिवासी कला आंगणासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्यात हे संग्रहालय उभे केले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या येथे आहेतच. परंतु या जागेचा खरा ऐवज म्हणजे चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेच्या, पोथ्या. पोथी म्हटली तरी ती शिवलेली नसते. एका आख्यानाची सुटी चित्रे क्रमाने लावलेली असतात आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एक चित्र समोर उभे धरतो, त्यातल्या पात्रांकडे बोट दाखवत गाऊ-बोलू लागतो, आणि प्रसंग संपला की पान उलटतो. मोठ्या डोळ्यांची, एका अंगाने रेखलेली ती पात्रे भिंतीवर टांगलेली पाहिली तर देखणी वाटतात, एवढेच. कथेकऱ्याच्या हाती आली की मात्र ती एकमेकांना जाब विचारू लागतात. म्हणून केवळ दालन पाहून परतू नये. आधी फोन करून कथनाची विनंती करावी आणि ते शेवटपर्यंत ऐकावे.

लहान मुलांना तर अवश्य न्यावे. हल्ली घरोघरी आपण मुलांना गोष्ट लावून देतो, सांगत नाही, त्यामुळे मध्येच थांबवून "त्याने असे का केले?" असे विचारण्याची त्यांची सवयच मोडते. समोर बसून सांगणारा माणूस ऐकणाऱ्याचा चेहरा पाहतो, अडलेल्या जागी रेंगाळतो, ठाऊक असलेला भाग आवरता घेतो. रामायण-महाभारतातले परिचित प्रसंगही अशा कथनात नव्याने उलगडतात, आणि घरी जेवताना किंवा झोपण्यापूर्वी आपणही मुलांना असेच सांगू शकतो, हे पालकांच्या सहज लक्षात येते.

कुडाळ रेल्वे स्थानकावरून रिक्षाने येथे लवकर पोहोचता येते. एखादे चित्र विकत घ्यायचे झाल्यास त्यातला प्रसंग आधी कथेकऱ्याकडून नीट ऐकून घ्यावा, म्हणजे भिंतीवर लावल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगता येईल.