खोली नंबर १९ : सरकारी मानसोपचार ओपीडी, आठ महिन्यांनंतर

वय २३. पुण्यात दोन वर्षं अभ्यासिकेत बसून एमपीएससी केली आणि दुसरी पूर्व परीक्षा गेल्यावर गावी परत आलो, तो झोप हरवूनच. रात्री तीनपर्यंत टक्क जागा, सकाळी अंगात जीव नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधड. आई म्हणायची, पित्त असेल. मीही तेच धरून चाललो होतो.

आधी पुण्यातल्याच एका खाजगी समुपदेशकाकडे गेलो. माणूस चांगला, तक्रार नाही. पण पाऊण तासाचे १,२०० रुपये आणि एसटीत जाऊन-येऊन आठ तास. तीनदा गेलो. चौथ्यांदा खिशात पैसेही नव्हते आणि घरी सांगायला नवीन थापही नव्हती. ऑनलाइन करू म्हणाले. आमचं घर दोन खोल्यांचं. पलीकडे वडील बातम्या बघत असताना मी इकडे कुणाला काय सांगणार?

जिल्हा रुग्णालयाचं चुलतबहिणीने सुचवलं. ती नर्सिंग करते. म्हणाली, तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं बसतात, डॉक्टर असतात, समुपदेशनही होतं. हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, म्हणजे माझ्या जन्माआधीपासून, आणि मी मात्र तोवर ‘मानसोपचार’ म्हटलं की येरवडा एवढंच ऐकत आलो होतो. गाडीवर वीस मिनिटं. खर्च शून्य, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

पहिल्या दिवशी निराश झालो, खरं सांगतो. दोन तास रांग, आणि डॉक्टरांनी जेमतेम सात-आठ मिनिटं दिली. गोळी लिहिली, ‘दोन-तीन आठवडे धीर धर’ म्हणाले, पुढचा पेशंट. पण तिथून शेजारच्या खोलीत पाठवलं आणि तिथल्या मॅडमनी चाळीस मिनिटं ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, एक शंभर पानी वही कर. कितीला आडवा झालास, अंदाजे कितीला डोळा लागला, चहा किती, एवढंच लिही.

पुढच्या मंगळवारी वहीवर बोट ठेवून विचारलं, “हा रात्री अकराचा चहा कोण करून देतं तुला?”

“मीच करतो.”

“तो बंद. बाकीचं हळूहळू बघू.”

माझं मत ज्यामुळे बदललं तो प्रसंग मात्र जत्रेच्या आधीचा. गावची जत्रा म्हणजे सगळे पाहुणे घरी आणि ताटावर बसल्याबसल्या पहिला प्रश्न, “काय रे, निकालाचं काय?” पुण्यात हे सांगितलं होतं तेव्हा ‘नको वाटत असेल तर जाऊ नकोस’ असा सल्ला मिळाला होता. घरच्या जत्रेला घरातल्या मुलाने जायचं नाही! मॅडम इकडच्याच. त्या म्हणाल्या, “मामा विचारणारच, ते काही चुकत नाही. तू काय म्हणशील ते आजच ठरवू.” मग त्या मामा झाल्या आणि मी चार वेळा उत्तर दिलं. शेवटी ठरलं ते असं: “नाही झालं मामा. सध्या घरीच आहे. भाकरी वाढू का?” जत्रेत हे वाक्य मी सहा जणांना ऐकवलं. हात थरथरले, पण माडीवर जाऊन बसावं लागलं नाही.

आता वाईट. आठ महिन्यांत दोनदा गोळी संपलेली होती, ‘बाहेरून घ्या’ म्हणाले. एकदा डॉक्टर शिबिराला गेलेले आणि ते खोलीपाशी पोचल्यावर कळलं. डॉक्टर बदलतात, तेव्हा सगळं पुन्हा सांगावं लागतं. सगळ्यात राग येतो तो दाराचा. आत एक पेशंट बोलतोय आणि पुढचा दारातच उभा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण त्या दाराला साधी कडी नव्हती. मॅडमना बोललो, तर पुढच्या वेळेपासून बाहेर खुर्ची टाकून तिथे आयाबाईंना बसवलं.

एक चूक माझी. तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून गोळी मनानेच बंद केली. चार दिवसांत गरगरायला लागलं, झोप परत गेली, वर बोलणी खाल्ली. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.

रात्रीबेरात्री ओपीडी नसते, तेव्हा १४४१६ वर दोनदा फोन केला. ही टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. त्या रात्री आधार झाला. फक्त दर वेळी आवाज नवा, तेव्हा पुन्हा ‘अ’ पासून सुरुवात. माझी वही त्यांच्याकडे कुठून असणार?

घरात १० ते १९ वयाचं कुणी असेल तर सरकारी दवाखान्यात या वयाच्या मुलामुलींसाठीचं ‘मैत्री क्लिनिक’ कुठे आहे ते विचारा. मी त्या वयातून निसटलो होतो, पण मावसभावाला नेलं. तिथे गर्दी कमी होती.

जवळच्या दवाखान्याची दुसरी बाजूही ऐका. ओळखीचं कुणीतरी भेटतंच. मला आमच्या डेअरीतले काका भेटले. मी “मणक्याचा एक्सरे” म्हणालो, ते “बीपी” म्हणाले, आणि पंधरा मिनिटांनी दोघंही त्याच बाकावर. आता जागा धरतात माझ्यासाठी, बोलत मात्र नाहीत.

सध्या महिन्यातून एकदा जातो. झोप सहा तासांवर आलीय, चहा तीनवर. जाणार असाल तर नऊच्या आत पोचा, पाण्याची बाटली न्या, जुने कागद एका पिशवीत ठेवा. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारतो, “कशासाठी? मेंटल का?” तेव्हा गडबडू नका. “खोली नंबर १९” म्हणा, पुढे काही विचारत नाही.