इंडक्शन शेगडी: पंचवटीत चालली, पेठला रुसली

दिवाळीच्या आधी नाशिकच्या एम. जी. रोडवरून २००० वॅटची इंडक्शन शेगडी घेतली, २४०० रुपयांना. आता तीन महिने झाले, म्हणून लिहितेय.

आधी यंत्राबद्दल. लिटरभर पाणी चार मिनिटांत खळखळतं. ओटा तापत नाही, पुसायला दोन मिनिटं. पंखा मात्र आतून घरघरतो. भाकरीला पापुद्रा सुटतो, पण विस्तवावरची फुगी येत नाही ती नाहीच. ॲल्युमिनियमची पातेली सगळी बाद. चुंबक चिकटेल तेच भांडं हिला चालतं, म्हणून फ्रिजवरचं लोहचुंबक पर्समध्ये घालून भांडी बाजारात गेले आणि एकेका पातेल्याच्या बुडाला लावून बघत बसले. दुकानदार हसला, पण दोन पातेली त्यानेच शोधून दिली. आमच्या खोलीत साधाच प्लग होता, तो पहिल्याच दिवशी तापला. वायरमनने १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि जाड वायर टाकली, त्याचे वेगळे ७००. हे खोक्यावर कुठे छापलेलं नसतं.

आता खर्च. आम्ही पंचवटीत भाड्याच्या खोलीत, मालकांच्या सबमीटरवर. मालक युनिटला १० रुपये लावतात. तिघांचा स्वयंपाक रोज दोन युनिट खातो. आमचा सिलिंडर पन्नास दिवस जातो, म्हणजे तेवढ्या दिवसांत १०० युनिट, हजार रुपये. सिलिंडर मला त्याहून स्वस्तात पडत होता! स्वतःचं मीटर असलं तरी १०० युनिटांच्या पुढे महावितरणचा दर चढतो, तेव्हा वहीत मांडूनच घ्या.

गंमत म्हणजे आमच्या डोक्यावर, गच्चीत, मालकांचं ३ किलोवॅटचं सोलर आहे. सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान मिळालंय. मी म्हटलं, काका, दुपारी वीज वरच तयार होते, तेवढ्या वेळेचा दर कमी लावा ना. ते म्हणाले, "ताई, कर्ज माझ्या नावावर आहे." तेही खोटं नाही. पण गच्ची माझी नाही, त्यामुळे मला अर्ज करायलाही जागा नाही.

संक्रांतीला शेगडी पेठ तालुक्यात आईकडे नेली. तिच्याकडे उज्ज्वलाचा सिलिंडर आहे, पाहुणे आले की चहापुरता. भरलेला आणायचा तर जीपचं भाडं पडतं, म्हणून रोजची नागलीची भाकरी चुलीवरच. दुपारी इंडक्शनवर भात झाला. आई खूश, डोळ्यांत धूर नाही. संध्याकाळी पाड्यावर सगळ्यांचे दिवे लागले, बल्ब पिवळा पडला, शेगडीने तीनदा पीं-पीं केलं आणि बंद. आई म्हणाली, "तुझी चूल माणसं बघून लाजते काय गं?" पावसाळ्यात तर तिकडे दोन-दोन दिवस लाईट नसते.

धूर नाही म्हणतो आपण, पण वीज बनते त्या एकलहऱ्याच्या केंद्रात कोळसाच जळतो. नाशिकरोडला माहेर असलेल्या माझ्या जावेने हे ऐकवलंच.

शेगडीला चार तारे. एक भाकरीचा कापला. वोल्टेजचा दोष तिचा नाही. माझ्याकडे ती आता सकाळचा चहा आणि दूध एवढ्यालाच लागते. आईला ठेवून घे म्हटलं, तर तिने खोक्यात भरून परत दिली आणि वर पिशवीभर नागलीचं पीठ.