क्रिस्टल की सोल्युशन? रॅडिकल आयनचा आकार शोधताना

नाशिकमध्ये राहून रॅडिकल आयनच्या (विद्युतभार आणि एक सुटा, जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूच्या) आकारावर काम करायचं ठरवलंत, की पहिल्याच महिन्यात हा प्रश्न दारात उभा राहतो. क्रिस्टल वाढवून एक्स-रे घ्यायचा, की सोल्युशनमध्येच ठेवून ईएसआर, म्हणजे त्या सुट्या इलेक्ट्रॉनचा चुंबकक्षेत्रातला स्पेक्ट्रम? मी दोन्ही करून बसलोय.

एक्स-रेचा मान मोठा, त्यात वाद नाही. बंधांच्या लांब्या, अणूंची रिंग किती अंशांनी वळली, काउंटर-आयन (विरुद्ध भाराचा सोबती) कुठे बसला, सगळं एकदम हाती येतं. ईएसआरमध्ये अंश थेट मिळत नाहीत. हायपरफाइन कपलिंगवरून (अणुकेंद्रांमुळे रेषा किती फाटतात त्यावरून) आणि बीटा प्रोटॉनच्या, म्हणजे शेजारच्या कार्बनवरच्या हायड्रोजनच्या, कोसाइन-वर्गाच्या नियमावरून कोनाचा हिशेब मांडावा लागतो.

माझं घोडं अडलं ते वाटेत. मशीन पुण्याला, क्रिस्टल इथे. पोटॅशियमकडून इलेक्ट्रॉन घेऊन केलेल्या ॲनायनचे (ऋण आयनचे) काळेभोर क्रिस्टल तेलात बुडवले, बर्फाच्या थर्मासात ठेवले आणि निघालो. पहिल्या खेपेला चंदनापुरी घाटाच्या अलीकडे गाडी बंद पडली. पोचेपर्यंत रंग उडालेला. दुसरी खेप श्रावणातली. झाकण उघडलं आणि त्या दमट हवेत डोळ्यांदेखत क्रिस्टल पांढुरके झाले. तिसऱ्या खेपेला एकच जगला, तर त्यात आयन जोडीजोडीने समोरासमोर चिकटलेले! टीसीएनई (टेट्रासायनोइथिलीन) या रेणूच्या ॲनायनचंही क्रिस्टलमध्ये असंच होतं, दोघांत अंतर सुमारे २.९ अँगस्ट्रॉम. वाचलं होतं, पण आपल्यावर येईपर्यंत कोण मनावर घेतो? मला एकट्या आयनचा आकार हवा होता, आणि तीन खेपा घालून आणलेल्या क्रिस्टलमध्ये एकटा आयन नव्हताच.

सोल्युशनची ट्यूब मी इथेच गोठवून, पंप करून, वितळवून, असं तीनदा करतो आणि व्हॅक्यूममध्येच बर्नरवर तिचा गळा बंद करतो. थंड ठेवली की मग गाडी कितीही हेलकावे खावो. शिवाय तापमान उतरवत गेलं की ईएसआर स्पेक्ट्रममधल्या रेषा आधी रुंदावतात, मग वेगळ्या होतात. रिंग किती वेगाने उलटसुलट होतेय ते त्यातून कळतं. हे हलणं क्रिस्टलमध्ये बहुधा गोठलेलंच असतं.

अर्थात ईएसआरही फसवतो. सायक्लोऑक्टाटेट्राईन या आठ कार्बनांच्या रिंगच्या ॲनायनला ९ रेषा मिळतात, म्हणजे आठही प्रोटॉन सारखे. पण भराभर उलटणारी वाकडी रिंगही सरासरीने तसंच दाखवेल. ती सपाट आहे असं नुसत्या रेषा मोजून म्हणता येत नाही.

तुमचा आयन वुर्स्टर ब्लू या निळ्या रॅडिकल धन आयनासारखा हवेत टिकणारा असेल, तर क्रिस्टलकडे खुशाल जा. त्याच्या परक्लोरेट क्षारात १८६ केल्विनच्या खाली आयन जोड्या करतात, हे मात्र ध्यानात असू द्या. हवेला घाबरणारा ॲनायन असेल, तर माझं मत, चुकत असेन कदाचित, पण आधी ट्यूब. आणि गळा बंद करण्याचा हात रिकाम्या ट्यूबवर बसवून घ्या. माझ्या पहिल्या चार भरलेल्या होत्या, चारही तडकल्या.