इक्विनॉक्स ८०० : जर्सीच्या किनाऱ्यावर नाणी शोधायला कितपत कामाचा?

मायनलॅबचा इक्विनॉक्स ८०० हा मेटल डिटेक्टर २०१८ साली आला. पुढे त्याच कंपनीने ७०० आणि ९०० आणले, त्यामुळे ८०० आता बऱ्याचदा वापरलेलाच मिळतो. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर नाणी शोधायची असतील तर तो आजही घेण्यासारखा आहे. फक्त घराजवळच्या मैदानावर फिरायचं असेल तर याहून स्वस्त यंत्रावर भागतं.

कारण खारं पाणी. ते वीजवाहक असल्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राला अख्खी ओली वाळूच धातू वाटते आणि ते सतत किंचाळतं. ८०० एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतो आणि मिठाचा आवाज बाजूला काढतो. त्यात किनाऱ्यासाठी दोन मोड आहेत: कोरड्या आणि ओल्या वाळूसाठी बीच १, लाटांत आणि पाण्याखाली बीच २. बीच २ जास्त ताकदीचा असावा असं समजून तो कोरड्या वाळूवर लावणारे पुष्कळ दिसतात. प्रत्यक्षात त्यात कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीतून, कमी ताकद सोडली जाते, म्हणजे खोली उगाच गमावली जाते.

किनाऱ्यावर पोचल्यावर क्रम असा. कॉइल स्थिर धरून नॉइज कॅन्सल करा, म्हणजे आसपासचा विजेचा गोंगाट टाळला जातो. मग ज्या पट्ट्यात शोधायचं तिथेच, धातू नसलेल्या जागी, बटण दाबून ठेवून कॉइल वरखाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे वाळूचा स्वतःचा आवाज वगळला जातो. कोरड्या वाळूतून ओल्यात उतरलात की तो पुन्हा करायचा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, सुरुवातीला २० असते. ओल्या उतारावर यंत्र बडबडायला लागलं तर १६ ते १८ वर आणा. २५ वर ठेवून गोंगाट ऐकण्यापेक्षा १७ वर शांतपणे फिरलं तर जास्त नाणी सापडतात. रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर दुसरी ओळखायला यंत्र किती लवकर तयार होतं) ५ ठेवा, कॉइल वाळूपासून दोन बोटांवर समांतर फिरवा आणि टोकाला उचलू नका.

आता आकडे. खाली कोणता धातू असावा हे सांगणारा उणे ९ ते ४० असा आकडा पडद्यावर येतो. निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, १२-१३ वर वाजतं. नवी पेनी (एक सेंट) २०-२१, डाइम (दहा सेंट) आणि जुनी तांब्याची पेनी २५-२६ च्या आसपास, क्वार्टर (पंचवीस सेंट) २९-३०. १९६४ पर्यंतच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी आहे, ती आजच्या नाण्यांपेक्षा एक-दोन आकडे वर येतात. घोळ होतो तो पेनीचा. १९८२ पासूनची पेनी आतून जस्ताची असते, वर तांब्याचा पातळ मुलामा. समुद्र तो फोडून जस्त खातो, कडा झिजतात आणि आकडा २० च्या खाली सरकतो. कॅनच्या ओढायच्या कड्या १२ ते १५ मध्ये येतात, म्हणजे थेट निकेलच्या अंगावर, आणि सोन्याच्या अंगठ्याही याच भागात सापडतात. म्हणून वाळूत आकडा बघून काही सोडू नये. खणायला काही सेकंद लागतात, इथे हिरवळ थोडीच खराब होणार आहे! बाटलीचं पत्र्याचं झाकण मात्र ओळखता येतं: कॉइलची कड हळूहळू त्याच्यावरून मागे ओढा. आकडा उड्या मारत लोखंडाकडे, म्हणजे उणे बाजूला, घसरला तर झाकण, जागेवर ठाम राहिला तर खणा. ९०० ची मोजपट्टी उणे १९ ते ९९ आहे, हे आकडे तिथे लावू नका.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी मोठं नाणं फारतर फूटभर खोलीवर पकडतं. जर्सीत बऱ्याच गावांत समुद्रातली वाळू उपसून किनारा उंच केला आहे. अशा भरावाखालची जुनी चांदी हाती येत नाही, वरच्या थरात फक्त आजची मोड मिळते. ईशान्येचं वादळ वाळू कापून उभी कड तयार करतं, तेव्हा ओहोटीला त्या कडेच्या पायथ्याशी शोधा. जड नाणी तिथे साचतात. खरंच जुनं हवं असेल तर डेलावेअरचा कॉइन बीच गाठा. १७८५ साली फेथफुल स्टुअर्ड हे जहाज तिथे फुटलं आणि त्यातली ब्रिटिश राजा तिसऱ्या जॉर्जची तांब्याची हाफपेनी (अर्ध्या पेनीची नाणी) अजून वादळानंतर वर येतात.

नियम आधी बघा. जर्सीतला सँडी हुकचा किनारा राष्ट्रीय उद्यानसेवेच्या ताब्यात आहे, तिथे डिटेक्टर बाळगणंही गुन्हा. बाकी गावांचे नियम वेगवेगळे, पालिकेत विचारून घ्या. जर्सीतल्याच सर्फ सिटी गावाच्या भरावातून २००७ साली पहिल्या महायुद्धाच्या काळातला दारूगोळा निघाला होता. गंजलेली नळकांडी दिसली तर हात न लावता ९११ या आपत्कालीन नंबरला कळवा.

सोबत स्टीलचा स्कूप, म्हणजे वाळू चाळायचा भोकांचा फावडा, लागतोच. डाइमचा व्यास १७.९ मिमी, म्हणून अर्ध्या इंचाच्या भोकांचा घ्या. सापडलेली आजची नाणी टंबलरमध्ये (फिरत्या डब्यात) बारीक खड्यांसोबत फिरवून साफ होतात, पण पेनी वेगळ्या घोळवा, नाहीतर डाइम-क्वार्टर गुलाबी पडतात. जुन्या नाण्याला ब्रश लावू नका.

यंत्राच्या उणिवा. कॉइल जोडायचे कान नाजूक आहेत. सांध्यात वाळू असताना बोल्ट आवळला की तिथेच तडा जातो. दांडा थोडा डुलतो. तीन मीटर पाण्यात चालतं, पण सोबतचे वायरलेस हेडफोन पाण्याखाली निरुपयोगी, जलरोधक वेगळे घ्यावे लागतात. कॉइलच्या आवरणात काळी वाळू अडकली की खोटे आवाज येतात, आवरण काढून धुवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवा आणि चार्जिंगचे बिंदू कोरडे झाल्याशिवाय केबल लावू नका.

कोकणात न्यायचा बेत असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा ध्यानात ठेवा: जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

वापरलेला घेताना कॉइलचे कान भिंगाने तपासा, चार्जिंगचे बिंदू हिरवे पडलेत का बघा आणि तासभर चालवून बॅटरी किती उतरते ते पाहूनच पैसे द्या.