'बॉरो'पुढे माणूस बसत नाही, हे सांगणारा कोश

बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. त्यांच्या वह्यांत एक वाक्य हटकून सापडतं: 'प्लीज बॉरो मी युवर पेन.' यात पोरांचा दोष कमी. खिशात मावणाऱ्या कोशात 'बॉरो' म्हणजे उसने घेणे, 'लेंड' म्हणजे उसने देणे, की संपलं. घाईत 'उसने' तेवढं डोक्यात राहतं, घेणं-देणं गळून पडतं. (आपण उसनं अवसानसुद्धा आणतो, ते दिलं कोणी, हे कुणी विचारत नाही.)

म्हणून वर्गात 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' ठेवते. ती अर्थावर थांबत नाही, क्रियापदाच्या पुढेमागे कोण बसतं तेही दाखवते. 'बॉरो'नंतर वस्तू, मग 'फ्रॉम', मग ज्याची वस्तू तो माणूस. 'लेंड'नंतर मात्र माणूस थेट येतो, 'लेंड मी युवर पेन'. किंवा वस्तू आधी आणि माणसाला 'टू'. एवढं फळ्यावर मांडलं की बँक 'लेंड' करते आणि कर्जदार 'बॉरो', हे पुन्हा सांगावं लागत नाही. पुढे कुणीतरी विचारतंच, 'लेंड'ऐवजी 'लोन' क्रियापद म्हणून चालेल का? अमेरिकेत 'लोन मी' सर्रास चालतं, ब्रिटिश लिखाणात 'लेंड' बरं.

या कोशाला ही दृष्टी वर्गातूनच आली असावी. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. सहकाऱ्यांबरोबर केलेला त्यांचा कोश 1942 साली टोकियोत निघाला, ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये काढला. परक्या भाषेत वाक्य लिहिताना माणूस कुठे अडतो, ते त्यांनी रोज पाहिलेलं.

मराठी अर्थ यात नाहीत. व्याख्या सोप्या इंग्रजीत असल्या तरी नवख्याला सुरुवातीला दमवतात. जाडजूड आहे, रोज पिशवीतून नेण्याचं काम नाही.

दहावी आवृत्ती 2020 ची. नवीच हवी असा माझा हट्ट नाही, पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी मिळाली तरी घ्या. फक्त 1974 ची टाळा: तिच्यात क्रियापदांच्या रचना 'व्हीपी 6 ए' अशा सांकेतिक आकड्यांत आहेत, आणि ते उलगडण्यातच तास जातो. पैसेच नसतील तर याच कोशाचं संकेतस्थळ फुकट आहे, उच्चारही ऐकता येतात.